काम चोख, तरी क्लायंट नाराज का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाणी शिरलेली, आगीत सापडलेली घरं-दुकानं पुन्हा उभी करायचं काम तुम्ही अलीकडेच सुरू केलंय. माणसं तयार आहेत, यंत्रं चांगली आहेत, कामाबद्दल फारशी तक्रार नाही. तरी क्लायंट दिवसभर फोन करत राहतात, ‘तुमच्याकडून काही कळतच नाही’ म्हणतात आणि शेवटी बिलावरून वाजतं. दिवसातून किती वेळा बोलावं, काय बोलावं, वाईट बातमी कशी सांगावी, असं तुम्ही विचारलंय. शिवाय एका बिलावर गाडी आत्ताच अडली आहे, तिचं काय करायचं, हेही.

मी बरीच वर्षं याच धंद्यात आहे. आधी साइटवर होते, आता बहुतेक वेळ क्लायंट, विमा कंपनी आणि आमची माणसं यांच्यामध्ये जातो. माझ्या मते फोन किती वेळा करायचा, हा मुद्दा दुय्यम आहे. तुमच्या क्लायंटला बहुधा तीन गोष्टी कळत नाहीयेत: आत्ता काय चाललंय, पुढचा कुठला निर्णय त्याला घ्यायचाय, आणि तुम्हाला स्वतःला अजून काय कळलेलं नाही. पहिल्या दोन गोष्टी आपण कशाबशा सांगतो. तिसरी लपवतो, कारण ‘माहीत नाही’ म्हटलं तर आपल्याला काम येत नाही असं वाटेल ही भीती असते. अनुभव उलटा आहे. ‘भिंतीच्या आत किती ओल आहे ते अजून मोजायचंय, गुरुवारी संध्याकाळी सांगते’ एवढं म्हटलं की त्या विषयावरचे फोन गुरुवारपर्यंत थांबतात. मात्र गुरुवारी संध्याकाळी खरोखर फोन गेला पाहिजे. उत्तर अजून मिळालं नसलं, तरी गेला पाहिजे.

आता सगळीकडे एकच रीत चालत नाही, हे आधीच सांगून टाकते. एक पाइप फुटला आणि दोन खोल्या भिजल्या, तर रोज साइटवर जाऊन समोरासमोर बोलता येतं. अख्ख्या भागात पूर आला असेल आणि तुमच्याकडे एकाच वेळी डोंगराएवढी कामं आली असतील, तर ते शक्य नाही. मग आपण कुठलं काम कधी हातात घेऊ शकतो, हे पहिल्या फोनवरच खरं सांगावं. ‘उद्या येतो’ म्हणून चार दिवस झुलवण्यापेक्षा ‘आठवडाभर जमणार नाही, तोवर तुम्ही एवढं करा’ असं सांगितलेलं लोकांना चालतं. काम दुसऱ्याकडे गेलं तर जाऊ द्या. भिजलेल्या घरात साधारण २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला सुरुवात होऊ शकते, त्यामुळे तुमच्या ‘उद्या’वर विसंबून बसलेल्या माणसाचं नुकसान खरोखर वाढत असतं.

पहिल्या भेटीपासून सुरू करू. आपण आत शिरतो ते ओल मोजायचं मीटर, कॅमेरा आणि फॉर्म घेऊन. समोरचा माणूस बहुतेक वेळा रात्रभर जागा असतो आणि आपण जे सांगतो त्यातलं निम्मंही त्याच्या डोक्यात शिरत नाही. म्हणून मी आधी सुरक्षिततेचं बघते: वीज बंद आहे ना, गॅस बंद आहे ना, छत कुठे फुगून खाली आलंय का. मग विचारते, घरातले सगळे ठीक आहेत का, आज रात्री झोपायची सोय काय. त्यानंतरचा प्रश्न मला सगळ्यात उपयोगी वाटतो: ‘या घरातलं आधी काय वाचवायचं?’ उत्तर क्वचितच आपल्या अंदाजाप्रमाणे येतं. आपण महागड्या सोफ्याकडे बघत असतो आणि त्यांना औषधांचा डबा, जमिनीची कागदपत्रं, मुलाच्या परीक्षेच्या वह्या किंवा जुनी हार्ड डिस्क हवी असते. ती वस्तू पहिल्या तासात काढून हातात दिली, की पुढच्या सगळ्या बोलण्याचा सूर बदलतो. यात चतुराई काही नाही. त्या माणसाला कळतं की आपण त्याचं ऐकलं.

त्याच भेटीत निर्णय कोण घेणार, हे ठरवून घ्या. मालक एक, राहणारा भाडेकरू दुसरा, पैसे देणारी विमा कंपनी तिसरी, आणि परगावाहून फोनवर सूचना देणारा भाऊ चौथा. तुमच्या सुपरवायझरला सकाळी एकजण ‘कपाट काढा’ म्हणतो आणि दुपारी दुसरा ‘कपाट कुणाला विचारून काढलं?’ म्हणतो. म्हणून मी सरळ विचारते: होकार कुणाचा धरायचा आणि तो माणूस फोनवर मिळाला नाही तर कुणाचा? दोन नावं लिहून घ्यायची आणि तो कागद घरातल्या सगळ्यांना दाखवायचा. आपल्या बाजूनंही एकच नाव द्यायचं. साइटवरचा प्रत्येकजण क्लायंटच्या प्रश्नांना आपापल्या परीनं उत्तरं द्यायला लागला, की दोन दिवसांत तीन वेगवेगळ्या तारखा फिरायला लागतात.

कामाचे टप्पे सांगताना आपण एक गोष्ट नेहमी विसरतो. आपल्या डोक्यात नुकसान थांबवणं, वाळवणं, खराब झालेलं काढणं आणि पुन्हा बांधणं ही चार वेगळी कामं असतात. बऱ्याचदा ती करणारे ठेकेदारही वेगळे असतात. क्लायंटच्या डोक्यात एकच काम असतं: घर पहिल्यासारखं करून द्या. त्यामुळे पाणी उपसून आपण वाळवायची यंत्रं लावली की त्याला वाटतं आता झालंच. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंतीच्या खालच्या पट्ट्या निघतात, फुगलेले बोर्ड कापले जातात, फरशी उचलली जाते, आणि घर पहिल्या दिवसापेक्षा वाईट दिसायला लागतं. हे त्यानं स्वतः दार उघडून बघायच्या आधी त्याला माहीत असलं पाहिजे. मी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगते: ‘परवा तुम्ही आत आलात की तुम्हाला वाटेल आम्ही घर मोडायला आलोय. ते तसंच दिसणार आहे. आतली ओल बाहेर पडायला मोकळी जागा हवी असते, म्हणून ते काढावं लागतं.’ हेच वाक्य तिसऱ्या दिवशी सांगितलं तर सारवासारव वाटते.

सगळ्यात जास्त वाद ‘वाळलंय’ या एका गोष्टीवरून होतात. वरून हात लावला तर भिंत एक-दोन दिवसांत कोरडी लागते, पण आत ओल असते. क्लायंट हात लावतो आणि विचारतो, ‘आता यंत्रं कशाला? भाडं वाढवताय का?’ इथे मी वाद घालत नाही. पाणी न पोचलेल्या खोलीत त्याला घेऊन जाते, तिथल्या कोरड्या भिंतीवर मीटर टेकवते आणि आकडा त्यालाच वाचायला लावते. तो आकडा पेन्सिलीनं तिथेच लिहायचा. मग भिजलेल्या भिंतीवर, जमिनीपासून टाचेच्या उंचीवर, गुडघ्याच्या उंचीवर, कमरेच्या उंचीवर. फरक त्याला डोळ्यांनी दिसतो. ‘इथला आकडा तिथल्या आकड्याच्या जवळ येईपर्यंत यंत्रं हलणार नाहीत’ एवढं एक वाक्य मग पुरतं. दाराच्या चौकटीला एक कागद चिकटवायचा, त्यावर जागा, तारीख आणि रोजचे आकडे. दोन दिवसांत घरातलीच मंडळी विचारायला लागतात, ‘आज मधल्या भिंतीचं किती आलं?’

इथे एक तांत्रिक खाच आहे, ती सांभाळा. टोचायच्या पिना असलेले बरेच मीटर लाकडासाठी जुळवलेले असतात. प्लॅस्टरवर किंवा विटांच्या भिंतीवर त्यांचा आकडा तुलनेपुरता असतो, त्याला टक्के म्हणू नये. भिंतीत क्षार असले तर आकडा खोटा चढतो. म्हणून ‘तुमच्या भिंतीत २८ टक्के पाणी आहे’ असं क्लायंटला कधीच सांगू नका. उद्या कुणी जाणकार येऊन त्याला हे समजावेल, आणि तुमच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जाईल. लाकडाच्या बाबतीत टक्के बोलायला हरकत नाही: ओलावा २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला तर कुजण्याचा धोका असतो, हे लोकांना पटकन समजतं.

यंत्रांबद्दलही आधी बोला. ती रात्रभर घोंघावतात, खोली गरम होते, विजेचं बिल वाढतं. हे न सांगता तुम्ही यंत्रं लावून निघून गेलात, तर रात्री कुणीतरी डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषून घेणारं यंत्र) बंद करणार, हे धरूनच चाला. पंखे चालू आणि डीह्युमिडिफायर बंद, म्हणजे भिंतीतली ओल निघून शेजारच्या कोरड्या खोलीत जाऊन बसणार. ‘बंद करू नका’ असा हुकूम चालत नाही. कारण सांगितलं तर लोक ऐकतात. ‘खिडकी उघडू का?’ हाही प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर बाहेरच्या हवेवर अवलंबून आहे. बाहेरची हवा आतल्यापेक्षा दमट असेल, तर खिडकी उघडून आपण ओल आत घेतो. घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर त्या खोलीतलं यंत्र रात्री कमी करून एखादा दिवस जास्त ठेवता येतं. हा पर्याय तुम्ही स्वतःहून द्या, पण एक दिवस वाढेल हे तेव्हाच लिहून द्या.

किती दिवस लागतील, याला नेमकी तारीख देऊ नये असं माझं मत आहे. लवकर लक्षात आलेलं, स्वच्छ पाण्याचं, हलक्या बांधणीतलं काम बऱ्याचदा तीन ते पाच दिवसांत वाळतं. जाड विटांची भिंत किंवा काँक्रीट आठवड्यांवर जाऊ शकतं. म्हणून ‘शनिवारी होईल’च्या ऐवजी ‘तीन ते पाच दिवस, मधली भिंत आत पोकळ आहे की भरीव, त्यावर ठरेल, आणि ते उद्या दुपारी कळेल’ असं बोलायचं. नुसता अंदाज सांगितला की लोक त्यातला छोटा आकडा धरतात. अंदाज कशावर अवलंबून आहे ते सोबत सांगितलं, तर तो बदलला तरी कुणी फसवल्यासारखं म्हणत नाही.

रोज काय कळवायचं, याचं माझं उत्तर चार ओळींचं आहे आणि ते रोज ठरलेल्या वेळीच जातं. नमुना देते:

‘आज: हॉलच्या फरशीचा एक भाग उचलला. खालचा थर ओला निघाला, फोटो सोबत आहे.
उद्या: सकाळी नऊला दोन माणसं येतील, उरलेली फरशी तपासतील.
तुमच्याकडून हवं: भिंतीतलं कपाट काढायचं की जागेवर वाळवून बघायचं, उद्या दुपारी दोनपर्यंत कळवा. काढलं तर वाळायला कमी दिवस लागतील. ठेवलं तर ते वाचेलच असं नाही.
अजून कळलेलं नाही: स्वयंपाकघराच्या भिंतीत पाणी किती वर चढलंय. उद्या संध्याकाळी सांगते.’

बस, एवढंच. ज्या दिवशी काहीच घडलं नाही, त्या दिवशीही ‘आज फक्त आकडे घेतले, ते असे आले’ एवढं जायलाच हवं. त्या दिवशी गप्प राहिलात तर समोरचा आपल्या मनानं गोष्ट रचतो, आणि ती कधीच आपल्या बाजूची नसते. व्हॉट्सॲप ग्रुप काढायला हरकत नाही, पण त्यात तुमच्या माणसांची आपापसातली चर्चा नको. ‘अरे, हे राहिलंच की’ असा एक मेसेज विश्वास घालवायला पुरतो. फोनवर झालेलं महत्त्वाचं बोलणंसुद्धा नंतर दोन ओळींत लिहून पाठवा: ‘आत्ता बोललो त्याप्रमाणे…’ धक्क्यात असलेली माणसं बोललेलं विसरतात, त्यात त्यांचा दोष नाही.

आता वाईट बातमी. पाण्याच्या कामात सगळ्यात अवघड वाक्य म्हणजे ‘हे फेकावं लागेल’. ते आपलं मत म्हणून सांगितलं तर घासाघीस सुरू होते, म्हणून कारणापासून सुरुवात करते. अशा दुरुस्तीच्या कामाची मानकं ठरवणाऱ्या आयआयसीआरसी या संस्थेच्या एस-५०० मानकात पाण्याचे तीन वर्ग केलेत: स्वच्छ स्रोताचं, बऱ्यापैकी दूषित, आणि अतिशय दूषित. सांडपाणी आणि पुराचं चढत आलेलं पाणी तिसऱ्या वर्गात येतं. स्वच्छ पाणीसुद्धा साचून राहिलं की जास्त दूषित वर्गात जातं. तिसऱ्या वर्गाच्या पाण्यात भिजलेली गादी, उशी, पाणी शोषणारा बोर्ड वरून कितीही पुसला तरी आतून साफ होत नाही. धातू, काच, कडक प्लॅस्टिक धुऊन निर्जंतुक करता येतं. एवढं सांगितलं की समोरचा स्वतःच विचारायला लागतो, ‘मग हे टेबल?’ आणि आपण दोघं मिळून यादी करायला लागतो. बोलणं कोर्टातल्यासारखं राहत नाही.

यादी झाल्याशिवाय, फोटो काढल्याशिवाय आणि लेखी होकार मिळाल्याशिवाय एकही वस्तू बाहेर टाकायची नाही. विम्याचा क्लेम असेल तर सर्व्हेअरने, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्या माणसाने, बघेपर्यंत किंवा त्याने परवानगी देईपर्यंत थांबा. वस्तू आरोग्याला धोकादायक असेल तर ती बंद पिशवीत घालून, चिठ्ठी लावून बाजूला ठेवता येते. कचऱ्यात गेलेल्या गादीचे पैसे मागताना क्लायंटकडे काहीच पुरावा उरत नाही, आणि मग तो तुमच्याकडे बघतो.

काही वस्तूंची किंमत यादीत बसत नाही. भिजलेले फोटो आणि कागद बघून लोक लगेच ते वेगळे करायला लागतात, आणि ओले चिकटलेले फोटो ओढले की वरचा थर निघून येतो. पहिल्याच फोनवर एवढं सांगा: गठ्ठा सोडवू नका, फोटोची चित्राची बाजू पुसू नका, उन्हात टाकू नका. लगेच काही करता येत नसेल तर ओले कागद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवता येतात. त्यानं नुकसान तिथेच गोठतं आणि तज्ज्ञाकडे नेण्यापुरता वेळ मिळतो. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीचं पाणी शिरलं आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातले लाखो ग्रंथ चिखलात गेले. भिजलेला कागद वाचवायची विद्या त्या धडपडीनंतर बरीच पुढे गेली. ही माहिती क्लायंटला सांगायची गरज नाही. पण ‘हे आता वाचणार नाही’ असं तुमच्या माणसानं घाईत म्हणू नये, एवढं त्याला शिकवा.

आगीच्या कामात बोलण्याची घाई आणखी जास्त असते, कारण आपण पोचायच्या आधीच लोक साफसफाई सुरू करतात. काजळी ओल्या फडक्यानं पुसली की ती भिंतीत बसते. काजळीत आम्लधर्मी घटक असू शकतात, त्यामुळे नळ, बिजागऱ्या, उपकरणांचे धातूचे भाग काही दिवसांतच खराब व्हायला लागतात. एसी किंवा पंखा चालू केला की ती घरभर पसरते. धुरात सापडलेला टीव्ही ‘चालतोय का बघू’ म्हणून लावला तर चालणाराही जाऊ शकतो. म्हणजे पहिल्या फोनवर ‘काय करू नका’ याची छोटी यादी द्यायची आणि लगेच मेसेजनेही पाठवायची. वासाबद्दल मात्र जपून बोला. ‘वास शंभर टक्के जाईल’ असं वचन मी देत नाही. दमट किंवा गरम दिवशी राहिलेला वास पुन्हा जाणवू शकतो, हे कामाच्या आधी सांगितलेलं बरं.

विम्याकडे येऊ, कारण तुमची अर्धी भांडणं बहुधा तिथूनच येत असणार. क्लायंट विचारतो, ‘हे विम्यात बसेल ना?’ आणि आपल्याला त्याला धीर द्यावासा वाटतो. देऊ नका. पॉलिसी त्याची, करार त्याचा आणि विमा कंपनीचा. पाइप अचानक फुटणं आणि वर्षभर झिरपत राहणं यांत बऱ्याच पॉलिसी फरक करतात; जुन्या वस्तूची घसारा वजा करून किंमत द्यायची की नवीन वस्तूची, हेही पॉलिसीवर ठरतं. मी एवढंच म्हणते: ‘बसेल की नाही ते कंपनी सांगेल. आम्ही काय बघितलं, काय मोजलं आणि काय केलं, याची पूर्ण नोंद तुम्हाला देऊ. कंपनीला हा प्रश्न लेखी विचारा.’ क्लायंटच्या वतीनं क्लेमची घासाघीस करायला तर जाऊच नका. अनेक ठिकाणी त्याला वेगळा परवाना लागतो; तुमच्या भागातला नियम बघून घ्या.

यातच एक बारीक पण महाग पडणारी गोष्ट आहे: साइटवर सहज बोललेलं वाक्य. पाइपजवळचा डाग बघून तुमचा एखादा कामगार म्हणतो, ‘ही गळती जुनी दिसतेय.’ क्लायंट घाबरतो, सर्व्हेअर ते टिपून घेतो, आणि कुणीही नीट तपासायच्या आधी निकाल लागल्यासारखं होतं. लपवालपवी करा असं मी मुळीच म्हणत नाहीये. जे दिसलं ते जसंच्या तसं नोंदवा: कुठे डाग, केवढा, कुठल्या रंगाचा, पाइपाचा सांधा कसा, फोटो. त्यावरून निष्कर्ष काढायचं काम ज्याचं आहे त्याला करू द्या. क्लायंटनं थेट विचारलं तर ‘डाग आहे, तो आम्ही नोंदवलाय, कारण आम्ही ठरवत नाही’ हे उत्तर खरंही आहे आणि पुरेसंही.

पैशाच्या बाबतीत माझा नियम कडक आहे. एस्टिमेटमध्ये काय आहे तितकंच लिहून भागत नाही. काय नाही, तेही लिहायचं: रंगकाम नाही, वायरिंग बदलणं नाही, फर्निचर पॉलिश नाही. भिंत उघडल्यावर आत नवीन काही निघालं तर काम थांबवायचं, फोटो काढायचा, खर्च आणि दिवस किती वाढतील ते लिहून पाठवायचं आणि लेखी ‘हो’ येईपर्यंत त्या भागाला हात लावायचा नाही. तातडीच्या कामाला मात्र थांबता येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी एक मर्यादा ठरवून घ्यायची, की नुकसान वाढू नये म्हणून एवढ्या रकमेपर्यंत विचारल्याशिवाय काम करायची परवानगी आहे. जुन्या बांधकामात तोडफोड करायच्या आधी ॲस्बेस्टॉसची (श्वासातून घातक ठरणारे तंतू असलेल्या जुन्या बांधकाम साहित्याची) शंका असेल तर तपासणी करावी लागते, तेवढे दिवस काम थांबतं. हेही आधी बोलून ठेवा, नाहीतर ‘तुम्ही नुसते बसून होतात’ हे ऐकावं लागतं.

चिडलेल्या क्लायंटबद्दल थोडंसंच सांगते. ‘शांत व्हा’ आणि ‘काळजी करू नका’ ही दोन वाक्यं तुमच्या माणसांच्या तोंडातून काढूनच टाका. त्याला पूर्ण बोलू द्या, मग त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगा: ‘म्हणजे सकाळी नऊची वेळ दिली होती, माणसं साडेअकराला आली आणि कुणी कळवलं नाही. बरोबर?’ बहुतेकदा खरी तक्रार अशीच छोटी आणि सोडवता येणारी निघते. कधी राग विमा कंपनीवर असतो आणि समोर आपण असतो. तेव्हा कंपनीची बाजू घेऊ नका, तिला शिव्याही घालू नका. आणि कुणी तुमच्या माणसांवर धावून आलं किंवा शिवीगाळ केली, तर माणसं बाहेर काढा. सगळं सहन करणं म्हणजे चांगलं संवादकौशल्य, असं काही नाही.

दुकान, ऑफिस, कारखाना असेल तर हेच सगळं वेगळ्या क्रमानं लागतं. तिथल्या मॅनेजरला भिंतीच्या आकड्यांत फार रस नसतो. कुठला भाग कधी वापरता येईल, हे हवं असतं. त्याला वरच्या माणसाला जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा एक पानाचा अहवाल द्या आणि जागेचे भाग पाडून एकेक भाग ताब्यात द्या.

काम संपताना घरभर एकत्र फिरा. शेवटचे आकडे पहिल्या दिवसाच्या आकड्यांशेजारी दाखवा, आपण काय केलं नाही ते पुन्हा सांगा, आणि पुढे कशावर लक्ष ठेवायचं ते लिहून द्या: रंगाला फुगे येणं, कुबट वास, फरशी वर उचलणं. रंग कधी लावायचा याबद्दल आग्रहानं बोला, कारण घाईत ओल्या भिंतीवर रंग लावला की सहा महिन्यांनी तो निघतो आणि फोन तुम्हालाच येतो.

आता तुमचं अडलेलं बिल. फोनवर मिटवायला जाऊ नका. वेळ घेऊन त्याच जागेत भेटा. बिल, मूळ एस्टिमेट, फोटो, यंत्रं किती दिवस होती त्याची नोंद आणि तुमच्यातले सगळे मेसेज तारखेनुसार लावून घेऊन जा. बिलाची एकेक ओळ घ्या आणि तिच्यासमोर दोनच गोष्टी शोधा: हे काम झाल्याचा पुरावा आणि ते करायला दिलेला होकार. दोन्ही असतील तर तिथे पैसे सोडायचं कारण नाही. कागद समोर ठेवून शांतपणे थांबा. काम झालंय पण होकार कुठेच सापडत नाही, अशा ओळी वेगळ्या काढा आणि त्यांचं काय करायचं हे त्याला विचारा. तिथे थोडं सोडावं लागलं तर सोडा. विम्याकडून पैसे यायचे बाकी असतील, तर वाद नसलेली रक्कम आधी द्यायला सांगा आणि उरलेल्याची तारीख लेखी घ्या. बाहेर पडल्यावर, त्याच संध्याकाळी, काय ठरलं ते त्याला चार ओळींत लिहून पाठवा.